दाताचे मोल आणि दाताचा दाखला

राणीसावरगावच्या शिवारात कोणी विहीर खणावयास घेतली, म्हणजे काळ्या मातीचा थर सरल्यावर मुरूम लागतो, मुरुमाखाली मांजऱ्या लागतो, आणि त्याखाली असा काळा पाषाण लागतो की त्याचा अंत पाहण्याची ऐपत कोणाही शेतकऱ्याजवळ नसते. त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून अधूनमधून गारगोटीचे व झिओलाइटचे पांढरे स्फटिक निघतात, ते घरच्या कोनाड्यात ठेवले जातात, आणि चित्रपटांतून व सचित्र पुस्तकांतून मांसाहारी डायनोसॉरांचे जबडे पाहिलेली शाळकरी मुले ते स्फटिक हातात घेऊन विचारतात, की मग आपल्या विहिरीत डायनोसॉरचा दात का सापडू नये. हा प्रश्न बालिश म्हणून टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधावयास निघालेला मनुष्य गंगाखेड तालुक्यातून नागपुरास, नागपुराहून लंडनच्या संग्रहालयात आणि तेथून मोरोक्कोच्या वाळवंटातील बाजारापर्यंत जाऊन पोहोचतो, आणि परत येताना जी एक गोष्ट त्याच्या मनावर ठसलेली असते, ती सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

ज्याला भूशास्त्रज्ञ दक्षिण ट्रॅप म्हणतात तो आमचा काळा पाषाण म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वारंवार उसळून पसरलेल्या लाव्ह्याचे एकावर एक निवालेले थर होत. आज शिल्लक राहिलेला त्यांचा विस्तारच सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. आणि ज्या भूमीवर, ज्या तळ्यांच्या काठी व ज्या नद्यांच्या गाळात ते अजस्र प्राणी पिढ्यान्‌पिढ्या हिंडले, त्यांनी अंडी घातली आणि देह ठेवले, ती भूमी या थरांच्या बुडाशी गाडली गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जो भूकंप झाला, त्याच्या कारणांचा शोध घेण्यासाठी पुढे तेथे खोल वेधनछिद्र पाडण्यात आले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर अवघा आठेक मीटर जाडीचा गाळाचा थर लागला आणि त्याखाली लगेच ग्रॅनाइटजातीचा आदिम खडक सुरू झाला. किल्लारी आमच्यापासून काही परमुलखात नाही. हजार फुटांहून अधिक पाषाणाखाली दबलेला तेवढा आठ मीटरांचा गाळ, आणि त्या गाळातही दात असेलच असे नाही, हे मुलांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर.

परंतु जेथे हे आच्छादन विरळ होते किंवा नद्यांनी ते झिजवून काढले आहे, तेथे ती पुरातन भूमी पुन्हा उजेडात आलेली आहे. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून त्या भूमीच्या थरांना लॅमेटा हे नाव पडले. त्याच जबलपूरच्या परिसरात १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन याला जे मणके मिळाले, ते भारतात सापडलेले डायनोसॉरांचे पहिले अवशेष होत. आणि हे लक्षात घ्यावे, की त्या वेळी ‘डायनोसॉर’ ही संज्ञाही अस्तित्वात आलेली नव्हती. नर्मदेच्या खोऱ्यापासून नागपूर-चंद्रपुरापर्यंत हे थर तुकड्यातुकड्यांनी उघडे पडले आहेत. महाराष्ट्रात त्यांची कीर्ती पसरली ती स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यामुळे. १८४५ साली तो नागपुरास आला आणि धर्मप्रसाराच्या कामातून सवड काढून त्याने जन्मभर आसपासचे खडक तपासले. वरोऱ्याकडील पिसदुरा या खेड्याच्या शेतांतून त्याने अस्थी वेचल्या, आणि १८६३ मध्ये टाकळघाटाजवळील शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्याचा अंत झाला. ज्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, त्याच्याच नावाने दख्खनच्या क्रिटेशस काळातील एका चिमुकल्या सस्तन प्राण्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपाय’ अशी संज्ञा मिळाली आहे. तो प्राणीही मुख्यतः त्याच्या दातांवरूनच ओळखला गेला.

आता ज्या एका, सध्या लंडनच्या संग्रहालयात असलेल्या दातासाठी मी नागपूरचे नाव घेतले, त्याकडे वळतो. १८९० साली रिचर्ड लिडेकर या पंडिताने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात नागपूर जिल्ह्यातील काही पृष्ठवंशी प्राण्यांच्या अवशेषांवर एक टिपण प्रसिद्ध केले, आणि त्यात नागपूरच्या लगतच्या टाकळी येथील एका दाताचे वर्णन करून त्या प्राण्याला ‘मॅसोस्पाँडिलस रॉएसी’ असे नाव दिले. हे नाव चुकीचे होते, आणि चूक लहानसहान नव्हती. मॅसोस्पाँडिलस हा दक्षिण आफ्रिकेतील, मुख्यतः वनस्पतींवर जगणारा, टाकळीच्या थरांहून अकरा कोटी वर्षांपेक्षाही अधिक जुना असा प्राणी. आणि टाकळीचा दात तर, आजच्या अभ्यासकांच्या मते, बहुधा ॲबेलिसॉर कुळातील एखाद्या मांसाहारी डायनोसॉरचा. एवढ्या मोठ्या विद्वानाच्या हातून एवढे मोठे स्खलन झाले, तरी त्या दाताचे मोल काडीमात्र कमी झाले नाही. त्याचे कारण एकच. तो दात कोठला, कोणत्या थरांतला, याचा दाखला त्याच्यासोबत राहिला. टाकळीचे थर लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मधल्या विश्रामकाळात साचलेले आहेत. म्हणजे लाव्हा एकदा वाहून गेल्यानंतर, निवालेल्या भूमीवर पुन्हा तळी साचल्यानंतर, पुन्हा वनस्पती रुजल्यानंतर, त्या तळ्यांच्या काठी मांसभक्षक डायनोसॉर वावरत होता, ही एवढी मोठी साक्ष तो एवढासा दात देतो. नाव खोडून दुसरे नाव लिहिता आले, कारण गाव खोडलेले नव्हते. गाव न लिहिता त्या दाताला अगदी अचूक नाव दिलेले असते, तर आज त्याच्यावरून काहीही सिद्ध करता आले नसते.

मांसाहारी डायनोसॉरांचे दातच इतके का सापडतात, हेही येथे सांगितले पाहिजे. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ म्हणजे दातावरील एनॅमल. अस्थी कुजल्या, फुटल्या, पाण्याने वाहून गेल्या तरी दात टिकतो. शिवाय आपल्यासारखे दोनदाच दात येण्याचे बंधन या प्राण्यांना नव्हते. जुना दात झिजला की खालून नवा दात वर येई आणि जुना गळून पडे, आणि हा क्रम जन्मभर चाले. आपल्या ॲबेलिसॉरांचा मादागास्करातील आप्त जो माजुंगासॉरस, त्याच्या दातांतील वाढीच्या सूक्ष्म रेषा मोजून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला आहे, की त्याच्या प्रत्येक दाताच्या जागी सरासरी ५६ दिवसांत नवा दात येत असे. उलट टायरॅनोसॉरसला त्याच कामाला दोन वर्षांहून अधिक काळ लागे. म्हणून एकाच प्राण्याने आपल्या हयातीत शेकडो दात भूमीला दिले, आणि त्यांपैकी बहुतेकांना मूळ नसते, केवळ वरचा मुकुटच असतो. ॲबेलिसॉरांचा हा मुकुट बुटका, बाजूंनी चपटा. त्याची पुढची कड बाकदार, मागची कड बहुतेक सरळ, आणि कडांवर आमच्याकडच्या ज्वारी-गहू कापावयाच्या दातेरी विळ्यासारखे बारीक दंतुरे. त्या दंतुऱ्यांची मोजदाद, त्यांचा आकार, मुकुटाची उंची व रुंदी यांवरून कूळ ठरवावयाचे असते. हे शास्त्र फार नाजूक आहे, आणि म्हणूनच त्यात दाताइतकेच त्याच्या स्थळाचे साहाय्य लागते.

असा हा जिन्नस संग्राहकाला मोह पाडील यात नवल नाही. हाताच्या तळव्यात मावणारा, काळ्या-तपकिरी कांतीचा, धार अजून बोटाला जाणवेल असा दात पाहून ज्याचे मन उचंबळून येणार नाही, तो मनुष्य विरळा. पाश्चात्य देशांत या छंदाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडात १८२४ साली बकलंडने ज्या मेगॅलोसॉरसचे वर्णन केले, त्याचा मुख्य आधार दातांसह मिळालेला जबड्याचा तुकडाच होता, आणि अमेरिकेत १८५६ साली जोसेफ लायडीने डायनोडॉन हे नाव दिले ते केवळ दातांवरूनच. आज या छंदाची पेठ मोरोक्कोच्या आग्नेय भागात आहे. केमकेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांत गरीब खेडूत हातांनी बोगदे खणून स्पायनोसॉरस व कार्कॅरोडॉन्टोसॉरस यांचे दात बाहेर काढतात, दलाल ते उचलतात, तुटका मुकुट दुसऱ्याच दाताच्या मुळाला डिंक व वाळूने जोडून पूर्ण दात म्हणून खपविण्याचा व्यवहारही चालतो, आणि जगभरच्या घरांतून ते काचेच्या कपाटांत जाऊन बसतात. त्यांच्या चिठ्ठीवर ‘केमकेम’ एवढाच शब्द असतो, आणि त्या एका शब्दात शेकडो किलोमीटरांचा मुलूख आणि कित्येक थर मिसळून जातात. २०२० साली ‘स्टॅन’ नावाचा टायरॅनोसॉरसचा सांगाडा लिलावात तीन कोटी अठरा लक्ष डॉलरांना गेला. तेव्हापासून या व्यवहारातील पैसा शास्त्रीय संस्थांच्या आवाक्याबाहेर जात चालल्याचे दुःख अनेक संशोधकांनी बोलून दाखविले आहे. आपल्या मराठवाड्याच्या झिओलाइटांचेही असेच झाले आहे. परदेशच्या संग्रहांत ती ‘पुणे’ किंवा ‘जळगाव’ अशा मोघम नावांखाली पुष्कळदा आढळतात, आणि ज्या गावच्या विहिरीतून वा खाणीतून ती निघाली त्या गावाचा मागमूस राहत नाही.

दाखला सांभाळला असता काय घडते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण गुजरातेतील आहे. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात बालासिनोरजवळ राहिओली येथे सिमेंटसाठी चुनखडक काढणाऱ्या खाणीत १९८१ च्या सुमारास कामगारांना गोलाकार दगड मिळाले. ते डायनोसॉरांची अंडी आहेत हे भूवैज्ञानिकांनी ओळखले, आणि १९८२ ते १९८४ या वर्षांत सर्वेक्षण खात्याच्या सुरेश श्रीवास्तव यांनी त्या परिसरातून मोठ्या संख्येने अस्थी गोळा केल्या. परंतु नुसत्या गोळा केल्या नाहीत. कोणती अस्थी कोठे, कोणत्या दिशेने, कोणत्या अस्थीच्या शेजारी पडलेली होती, याचा तपशीलवार नकाशा तयार केला. जवळजवळ वीस वर्षे त्या अस्थी कपाटांत राहिल्या. २००१ मध्ये जेफ्री विल्सन, पॉल सरेनो प्रभृती अमेरिकन संशोधक भारतीय सहकाऱ्यांसह त्यांच्याकडे वळले, तेव्हा त्याच नकाशाच्या आधारे विखुरलेल्या अस्थींतून एका प्राण्याच्या अस्थी वेगळ्या काढता आल्या, आणि २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा शिरावर शृंग असलेला, वीस-पंचवीस फूट लांबीचा भारतीय हिंस्र डायनोसॉर जगासमोर उभा राहिला. तो नकाशा नसता, तर त्या अस्थी म्हणजे केवळ एक ढीग झाला असता.

आणि आमच्या पिसदुऱ्याचे उदाहरण त्याहून विस्मयकारक आहे, कारण तेथे प्रश्न दातांचा नसून अश्मीभूत विष्ठेचा होता. अशी वस्तू कोण आदराने उचलील? पण हिस्लॉपच्या काळापासून ती उचलली गेली, १९३९ साली चार्ल्स मॅटली याने तिच्यावर निबंध लिहिला, आणि २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आदी संशोधकांनी तीत गवताचे सूक्ष्म सिलिकामय कण आढळल्याचे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच, ही जगभर रूढ झालेली समजूत मोडून पडली. वस्तू कोणत्या थरातील, याविषयी कोणाच्या मनात संदेह राहिला असता, तर हा निष्कर्ष कोणी मान्य केला असता काय?

उलट बाजूचे एक उदाहरण मनाला चटका लावते. एर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन संशोधकाने ईजिप्तच्या वाळवंटातून आणलेल्या स्पायनोसॉरस व कार्कॅरोडॉन्टोसॉरस यांच्या अस्थी १९४४ च्या एप्रिलात म्युनिकवर झालेल्या बाँबवर्षावात जळून नष्ट झाल्या. अस्थी गेल्या, तरी श्ट्रोमरने लिहिलेली वर्णने व काढविलेली चित्रे राहिली, आणि पुढच्या संशोधकांनी त्यांच्यावरच आपले काम उभे केले. आपल्याकडे जबलपूरच्या उत्खननांतील कित्येक अस्थी कलकत्त्यास गेल्या व त्यांपैकी काहींचा पत्ता पुढे लागेना. स्लीमनच्या मूळ संग्रहातील एक मणका तर दीर्घकाळ हरवलेलाच समजला जात होता, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी यांनी तो सर्वेक्षण खात्याच्याच संग्रहात ओळखून काढला. ओळखता आला, कारण जुन्या टिपणांत त्याचे वर्णन होते.

ही गोष्ट मराठी माणसास पटवून देणे कठीण जाऊ नये. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून व वाण्यांच्या रद्दीतून जुनी दप्तरे मिळविली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा आग्रह असा होता, की पत्र कोठले, कोणाच्या दप्तरातले, कोणत्या तारखेचे, हे पहिल्याने निश्चित झाले पाहिजे. तारीख व ठिकाण फाडून टाकलेले बाजीरावाचे पत्र कितीही सुंदर मोडीत असले, तरी इतिहासकाराच्या ते उपयोगी नाही. दात हेही असेच एक पत्र आहे, आणि ज्या थरात तो पडलेला असतो तो थर त्याची तारीख आहे. ज्या समाजाने कागदाच्या बाबतीत हा विवेक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आत्मसात केला, त्याने पाषाणाच्या बाबतीत तो दाखवू नये, याचे मला खरोखर वाईट वाटते.

येथे कोणी म्हणेल, की मग छांदिष्टांना मज्जावच करा. जो कोणी दात उचलील त्याला दंड करा. या मताशी मी सहमत नाही. उघड्यावर पडलेला दात दोन-चार पावसाळ्यांत झिजून, नांगराखाली फुटून नाहीसा होतो. तो उचलणाऱ्याने त्याला वाचविलेलेच असते. हिस्लॉप हा कोणत्याही भूशास्त्रीय खात्याचा नोकर नव्हता, आणि राहिओलीचे ते गोल दगड प्रथम उचलणारे खाणकामगार होते. मध्यप्रदेशाच्या धार जिल्ह्यात तर डायनोसॉरांची अंडी शेतकरी ‘काकड भैरव’ म्हणून पूजीत आले आणि त्या श्रद्धेमुळेच ती फुटण्यापासून वाचली. आमच्या देवघरांतील शाळिग्रामही गंडकीतून आलेला ॲमोनाइटाचा जीवाश्मच आहे, आणि त्याला आपण किती निगुतीने जपतो! सामान्य माणसाचा हात व त्याची आस्था वगळून या देशात जीवाश्मांचे रक्षण होऊ शकेल, असे मला वाटत नाही. दंडाच्या भयाने लोक वस्तू लपवितात, आणि लपविलेल्या वस्तूचे गाव सर्वांत आधी लपविले जाते.

केंद्र शासनाच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसास्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता. असा कायदा हवाच. १९७२ चा पुरावशेष अधिनियम मुख्यतः मानवाच्या हातच्या वस्तू दृष्टीपुढे ठेवून रचलेला आहे, आणि सहा कोटी वर्षांपूर्वीच्या दाताचा त्यात नीटसा विचार नाही. परंतु त्या मसुद्यात सारी सत्ता सर्वेक्षण खात्याच्या हाती एकवटलेली होती, आणि विद्यापीठांतील कित्येक संशोधकांनी घेतलेला हा आक्षेप मला रास्त वाटतो. एका खात्याच्या मोजक्या अधिकाऱ्यांनी पिसदुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचे शिवार दर पावसाळ्यानंतर पायाखाली घालावे, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे.

जे व्यवहार्य आहे, त्याची यंत्रणा आपल्या महसुली व्यवस्थेत पूर्वीपासून सिद्ध आहे. निजामी अमदानीत आमच्या भागात पाहणी-पत्रके भरली जात, १९५४ च्या सुमारास खासरा पत्रके झाली, आणि आजही सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेतातील विहिरीची व झाडांची नोंद होते. ज्या दप्तराला आंब्याचे झाड नोंदण्याजोगे वाटते, त्याला लॅमेटाच्या थराचे बांधावरचे उघडे तोंड नोंदण्याजोगे का वाटू नये? नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील ज्या ज्या गावांत असे थर आहेत, तेथील ग्रामपंचायतीत एक नोंदवही असावी; कोणास दात, अस्थी वा अंडे मिळाल्यास त्याने ते जागचे न हलविता प्रथम छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक, तारीख, खडकाचा रंग व जमिनीपासूनची खोली लिहावी, आणि नंतरच वस्तू उचलावी. आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत अक्षांश-रेखांश दाखविण्याची सोय आहे. हिस्लॉपला ती लाभली असती तर त्याने काय केले नसते! शोधकर्त्याचे नाव त्या वहीत, संग्रहालयातील चिठ्ठीवर आणि पुढे प्रसिद्ध होणाऱ्या निबंधात आले पाहिजे, आणि वस्तू शासनाने घेतल्यास त्याला यथायोग्य पारितोषिक मिळाले पाहिजे. घरी ठेवू इच्छिणाऱ्या संग्राहकालाही, नोंद केली असेल व संशोधकास पाहू देण्याची त्याची तयारी असेल, तर सामान्य प्रकारचे दात ठेवू द्यावेत. विक्री व देशाबाहेर नेणे मात्र पूर्णपणे निषिद्ध असावे.

राणीसावरगावच्या मुलांनाही या कामात वाटा आहे. डायनोसॉर आमच्या पाषाणाखाली असले, तरी त्या पाषाणावरून वाहणाऱ्या गोदावरीने व तिच्या उपनद्यांनी जो गाळ साठविला आहे, त्यात फार नंतरच्या युगातील हत्ती व इतर पशूंचे अवशेष आहेत. गोदावरीच्या गाळातील हत्तीची नोंद पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ सालीच केली, आणि मांजरेच्या खोऱ्यातूनही असे जीवाश्म मिळालेले आहेत. त्याच गोदावरीच्या पात्रातून गंगाखेडच्या परिसरात रात्रंदिवस वाळू उपसली जाते, आणि त्या उपशात एखादी दाढ वर आली तर ती वाळूबरोबर कोणत्या इमारतीच्या पायात जाऊन पडेल, हे सांगणे कोणाच्याही हाती नाही. वाळूच्या लिलावाच्या अटींत, उपशात आढळलेली अस्थी वा दात चोवीस तासांच्या आत तहसील कचेरीत कळविण्याचे कलम घालणे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातले काम आहे आणि त्याला कोणत्याही नव्या विधेयकाची वाट पाहावी लागत नाही. परभणी जिल्ह्याने ते येत्या लिलावापासून करावे. आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, टाकळीच्या त्या दाताची हुबेहूब प्रतिकृती लंडनहून मागवून घ्यावी व तिच्या चिठ्ठीवर लिडेकरचे चुकलेले नाव, आजच्या संशोधकांचे मत आणि टाकळी हे गाव, अशी तिन्ही लिहावीत.